पलंग आडवा येतोय म्हणता, पण कुणाच्या?

पत्र थोडक्यात असं: ४९ वर्षांच्या एका ताई बेळगावात शहापुरातल्या जुन्या वाड्यातून टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये राहायला जाताहेत. तिसरा मजला, दोन बेडरूम, लिफ्ट आहे. वाड्याची वाटणी झाली, तेव्हा त्यांच्या वाट्याला शिसवी पलंग, आरशाचं सागवानी कपाट, पितळी कड्यांचा झोपाळा, वेताची आरामखुर्ची, गाद्या रचून ठेवायची घडवंची आणि हिरव्या ऑइलपेंटनं रंगवलेल्या दोन संदुका आल्या. यजमानांना नवं घर नव्यासारखंच हवंय. राखाडी सोफा, पांढऱ्या भिंती, छताला पीओपी. इंटिरियर करणारा म्हणतो, जुनं एकच काहीतरी ठेवा आणि तेही पांढरं रंगवून घ्या. पुण्यातली मुलगी जुन्या-नव्याच्या मेळाचे फोटो रोज मोबाइलवर पाठवते. सासूबाई ७८ वर्षांच्या. त्या म्हणाल्या, "बघा तुमचं तुम्ही." ताई विचारतात: "हे सगळं एकत्र शोभेल, की घराचं भंगाराचं दुकान होईल? जुन्यामुळे वाळवी तर येणार नाही ना? आणि सासूबाईंचं मन न मोडता काय ठेवू, काय काढू? वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला आहे."

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा फर्निचरसाठी आणि दुसऱ्यांदा माणसांसाठी. दुसऱ्या वाचनात एक गंमत सापडली, ती पुढे सांगते. आधी "शोभेल का" ते बघू.

तुम्ही धरून चालला आहात की वाडा म्हणजे सगळं जुनं आणि फ्लॅट म्हणजे सगळं नवं. जरा डोळे मिटून तुमची माजघराची खोली आठवा. शिसवी पलंगाशेजारी एक लोखंडी कपाट असेलच, बहुतेक हिरवं. त्यावर ट्यूबलाइट. खिडकीत प्लास्टिकची खुर्ची, स्वयंपाकघरात फॉर्मायकाचं टेबल, फ्रिजवर क्रोशाचं झाकण. आपल्याकडच्या वाड्यांत प्रत्येक पिढीनं आपापल्या वेळचं नवं आणून ठेवलं. तो मेळ कुणी ठरवून घातला नव्हता, आणि त्याला कुणी हसतही नव्हतं, कारण प्रत्येक वस्तूवर कुणीतरी बसत होतं, झोपत होतं, काहीतरी ठेवत होतं. भंगाराचं दुकान दिसतं ते जुनं जास्त झालं म्हणून नव्हे. वस्तूंना काम उरलं नाही आणि त्या एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या, की तसं दिसतं. म्हणून "हे शोभेल का" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. प्रत्येक वस्तूपुढे उभं राहून विचारा, "तू त्या घरात काय करणार?" उत्तर आलं नाही तर ती कितीही सुंदर असो, तिसऱ्या मजल्यावर चढवू नका.

आता ती गंमत. तुमच्या तीन पानी पत्रात सासूबाईंचं वाक्य एकच आहे, "बघा तुमचं तुम्ही." बाकी त्यांना काय वाटतं ते सगळं तुम्ही लिहिलंय. उलट आरशाच्या कपाटाचा उल्लेख चार वेळा आलाय, त्यात एकदा "लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा त्याच आरशात स्वतःला पाहिलं" असाही. ताई, कपाटात जीव अडकलाय तो तुमचा. त्यात काही वावगं नाही. मात्र ते सासूबाईंच्या नावावर घालू नका, नाहीतर यजमानांशी वाद तुम्ही दोघींचा म्हणून लढाल आणि त्या बिचाऱ्या उगाच मध्ये येतील. "हे कपाट मला हवंय" एवढं सरळ म्हणून बघा.

आणि सासूबाईंना खरंच विचारा. तेही "काय काय ठेवू?" असं नाही, त्यावर कुठलीही सासू "मला काय विचारता" असंच म्हणणार. "तिथे सकाळी चहा कुठे बसून घ्याल?" असं विचारा. निपाणीची माझी मावशी घर सोडताना आम्ही तिचा मोठा पलंग मुद्दाम नव्या घरी नेला, जोडला, चादर घातली. ती त्यावर झोपलीच नाही. काकांचं शेवटचं दुखणं त्याच पलंगावर झालं होतं, हे आमच्या कुणाच्या ध्यानात नव्हतं. तिला हवा होता तो स्वयंपाकघरातला बुटका पाट, ज्यावर बसून ती भाजी निवडायची. तो आम्ही टेम्पोवाल्याला देऊन टाकला होता.

पलंगाबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. पहिलं काम मोजण्याचं. जुना पलंग बहुतेक चार-साडेचार फूट रुंद असतो, आणि दुकानातली तयार डबल गादी बहुधा पाच किंवा सहा फुटांची. म्हणून लोक पलंग वाढवायला काढतात, मध्ये पट्ट्या घालतात, आणि तो ना जुना राहतो ना नवा. त्याऐवजी गादीवाल्याकडून मापाची कापसाची किंवा काथ्याची गादी करून घ्या, आणि ती चार इंचांहून जाड नको. जुने पलंग मुळातच उंच. त्यावर आठ-दहा इंची गादी चढवली तर ७८ वर्षांच्या बाईंना चढायला पाट लागेल. काठावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, म्हणजे गादीसकट साधारण अठरा ते वीस इंच. त्याहून उंच होत असेल तर पाय कापू नका (हे वाक्य दोनदा वाचा). मग तो सासूबाईंच्या खोलीतला पलंग करू नका. हॉलमध्ये भिंतीला लावून दिवाण करा, लोड-तक्के टाका. यजमानांचा तीन माणसांचा सोफा मग दोन माणसांचा होईल, आणि हे त्यांना सोफ्याचं बिल येण्याआधी सांगावं.

पलंग उतरवताना घरच्या पोरांना हातोडी देऊ नका. जुन्या कामात स्क्रू कमी. कूस आणि साल, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत, वर पाचर, यावर सगळं धरलेलं. आमच्या गल्लीतला मिस्त्री म्हणायचा, "वैनी, ठोकायचं न्हाई, हलवायचं." पाचर काढली की जोड आपोआप सुटतो, ठोकला की फाटतो. सोडवताना प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना खडूनं एकच आकडा घाला आणि फोटो काढा. शिसव घनफुटाला साधारण २४ किलो भरते, सागवान १८-१९. त्यामुळे सुटा केलेला पलंगही दोन माणसांचं ओझं आहे. लिफ्टचं दार मोजा, आतली उंचीही मोजा. लिफ्टमध्ये लांब बाजूपट्ट्या मावल्या नाहीत तर जिन्याच्या वळणावर किती जागा आहे ते आधी पाहून या. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी पलंगाची एक बाजू वळणात अडकून राहिल्याची कथा मी एकाहून जास्त घरांत ऐकली आहे.

कपाट. त्याला काम देणं सोपं आहे, फक्त चुकीचं काम देऊ नका. हँगरला कपडे आडवे लावायचे तर आतून बावीस इंचांच्या आसपास खोली लागते. जुनी कपाटं बहुधा त्याहून उथळ. दार लागत नाही म्हणून मग लोक मागची फळी काढतात. साड्या, चादरी, पांघरुणं घडी करून ठेवायला तेच कपाट उत्तम. हँगरचं काम नव्या वॉर्डरोबला द्या, म्हणजे यजमानांचंही समाधान. आरशावर काळे ठिपके पडले असतील तर पडू देत. काच बदलू नका. नव्या काचेचा चकचकाट त्या जुन्या चौकटीत खोटा दिसतो, आणि ज्या आरशात तुम्ही स्वतःला पाहिलं होतं तो तर तोच आहे ना. एक मात्र करा. उंच कपाटाला मागून दोन एल-पट्ट्या मारून भिंतीला घट्ट करा. वाड्याच्या जाड भिंतीला टेकून ते वर्षानुवर्षं उभं होतं. फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल आहे, आणि नातवंडं उघड्या खणावर पाय देऊन चढतात.

पांढरं रंगवण्याबद्दल माझा स्पष्ट नकार आहे, आणि तो अनुभवाचा. बारा वर्षांपूर्वी मी आजीचं एक लहान सागवानी फडताळ हौसेनं पांढरं रंगवलं. पहिले सहा महिने सगळे छान म्हणाले. मग कडा उडाल्या, हाताचे डाग बसले, आणि रंग काढायला गेले तर तो रेषांत इतका मुरलेला की मिस्त्रीनं दोन दिवस लावले. आजही कोपऱ्यात पांढरं दिसतं. रंगाचा मोह अनावर झालाच तर प्लायवूडच्या वस्तूवर भागवा.

जुन्या लाकडाला आधी नुसतं पुसा. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण, फडकं घट्ट पिळून, मग लगेच कोरड्या फडक्यानं. निम्मा "काळा रंग" धूर आणि तेलाचा असतो, तो तेवढ्यानंच जातो. मग मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन घासा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते चपडा लाखेचं जुनं स्पिरिट पॉलिश आहे, आणि ते तसंच राहू द्या. गरम कप ठेवला की त्यावर पांढरी गोल खूण उमटते हे खरं. पण पाच वर्षांनी वर पुन्हा एक हात मारला की ते जुन्यात विरघळून एक होतं. पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइनचं नवं पॉलिश टिकाऊ असतं, पण एकदा निघालं की सगळं खरवडून पुन्हा करावं लागतं. जवसाचं तेल लावणार असाल तर एक सावधगिरी: तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्यात उष्णता साठते आणि तो आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

त्या हिरव्या संदुकांना मात्र पॉलिश कागद लावू नका, निदान कोरडा तरी नको. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या संदुकांचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा आहे. कोरडं घासलं की शिशाची धूळ घरभर, आणि पोरांच्या पोटात. रंग टिकून असेल तर तो हिरवा तसाच ठेवून संदुका वापरा, तो रंग वाईट नाही. पापुद्रे सुटत असतील तर काम घराबाहेर, ओलं करून, तोंडाला नीट मास्क लावून मिस्त्रीला करू द्या. त्यापेक्षा एक संदूक कुणाला देऊन टाकलेली बरी. दोन कशाला हव्यात?

वाळवीच्या भीतीवर तुम्ही अख्खा परिच्छेद लिहिलाय, उत्तर छोटं आहे. आपल्याकडे घराघरांत त्रास देते ती वाळवी बहुतेक जमिनीतून येते, भिंतीवर मातीच्या नळ्या करत. ओलावा आणि माती तुटली की ती सहसा तगत नाही. कपाटातून येऊ शकतो तो दुसरा प्राणी, लाकूड पोखरणारा भुंगेरा. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी ही त्याची खूण. भोकं जुनी असू शकतात. म्हणून खाली काळा कागद पसरा आणि पंधरा दिवसांनी पाहा. कागदावर नवं पीठ पडलं असेल तर फ्लॅटमध्ये न्यायच्या आधीच औषध मारून घ्या, भोकात इंजेक्शननं. औषध वाळण्यासाठी वस्तू सावलीत ठेवा, कडक उन्हात नाही, तडे जातात. आणि खरं सांगू? ओलाव्यात आधी फुगणार आहे तो तुमच्या मॉड्युलर किचनचा सिंकखालचा कप्पा. तुमचं सागवान बऱ्याच वर्षांचा पाऊस बघून आलंय.

पावसावरून आठवलं. अक्षय्य तृतीयेला सगळे खण लोण्यासारखे सरकतील आणि जुलैत अडकतील. टिळकवाडीत पाऊस जांबोटी-कणकुंबीसारखा नसला तरी लाकूड फुगायला पुरेसा आहे. तेव्हा रागानं मिस्त्रीला बोलावून रंधा मारू नका. दिवाळीनंतर तोच खण डुगडुगायला लागेल. मेणबत्ती कडेला घासा, नोव्हेंबरपर्यंत थांबा.

झोपाळ्याबाबत मी तुमच्या यजमानांच्या बाजूनं. पीओपीला कडी लावून झोपाळा टांगता येत नाही, आणि "स्लॅबला ड्रिल मारून देतो" म्हणणाऱ्यावरही विश्वास टाकू नका. दोन मोठी माणसं आणि वर झोक्याचा हिसका, हा भार तुळईनं घ्यायचा असतो. इमारतीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय आणि सोसायटीची लेखी परवानगी असल्याशिवाय नको. शिवाय पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळी जागा लागते, म्हणजे अकरा बाय पंधराच्या हॉलमध्ये बाकी काही नको. तुमच्या झोपाळ्याच्या फळीला खाली लोखंडी पाय लावून दाराजवळ बाक करा. चपला घालायला, किराणा टेकवायला. कड्या पितळी आहेत, त्या घासून सुती कापडात गुंडाळून ठेवा. पुढे बाल्कनीचं घर मिळालंच तर. फक्त फळीला भोकं नव्यानं पाडू नका, जुन्या भोकांतूनच बोल्ट घ्या.

आरामखुर्ची नक्की न्या. तिचे लांब हात बाहेर काढले तर पाच फूट जागा खाते, पण आत वळवून ठेवता येत असतील तर खिडकीपाशी सहज बसेल. वेत सैल झाला असेल तर लगेच नवा विणायला देऊ नका. खालच्या बाजूनं ओलं फडकं फिरवून एक रात्र वाळू द्या, बराचसा ताणून येतो. तुटलेला असेल तर मात्र नव्यानं विणून घेण्यावाचून इलाज नाही. घडवंची गाद्यांच्या वळकट्यांसाठी होती, आता वळकट्याच नाहीत. पण तिच्यावर कुंड्या छान बसतात, आणि बसली नाहीत तर ती सोडायला सगळ्यात सोपी आहे.

उरलं दिसण्याचं. मुलीच्या फोटोंतून घ्यायचं ते इतकंच, की एका खोलीत मोठी जुनी वस्तू एक, फार तर दोन. लाकडांचे रंग जुळवत बसू नका. काळपट शिसव, पिवळसर सागवान आणि नवं फिकट लॅमिनेट एकत्र राहू शकतात, फक्त प्रत्येकाचा भाऊबंद खोलीत आणखी एक तरी असू द्या. सोफा राखाडी येऊ दे, त्यावर दोन उशा गुळेदगुड्डच्या खणाच्या घाला. (खणात ठेवलेला खण निघेल कुठेतरी, सासूबाईंची पेटी बघा.) आणि बल्ब. हे इंटिरियरवाला सांगणार नाही. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात शिसव कोळशासारखी दिसते. २७०० ते ३००० चा पिवळसर उजेड लावा, तीच शिसव जांभळट-तपकिरी होऊन रेषा दाखवायला लागेल. यजमानांचं अर्धं मत बल्ब बदलल्यावर बदलेल, असा माझा अंदाज आहे.

जे सोडायचं ते विकताना सगळं एकत्र "लॉट"मध्ये देऊ नका. घेणाऱ्याला त्यातली एकच वस्तू हवी असते आणि बाकीचं तो तुम्हाला उपकार म्हणून उचलतो. एकेक करून दाखवा, तीन ठिकाणी विचारा. आपल्या बेळगावात तर जुनी खुर्ची घ्यायला गेलं की ती १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनातली निघते. एवढ्या खुर्च्या होत्या तर महात्माजी त्या मंडपात उभे कुठे राहिले कोण जाणे. तेव्हा विकतानाही तुम्ही अशा गोष्टी सांगू नका आणि घेणाऱ्याच्याही ऐकू नका. परदेशी पाठवतो म्हणणारा भेटला तर एवढं लक्षात असू द्या की शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, १९७२ चा कायदा आहे. विकण्याआधी चुलतघरात आणि खानापूरकडच्या नातेवाइकांत एकदा विचारा. गावाकडे अजून झोपाळ्याला तुळई आहे.

माझ्याकडे एक उतरतं डेस्क आहे, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतलं. दिवाणजी त्यावर खतावणी लिहायचे. मी त्यावर लॅपटॉप ठेवते. तो घसरायचा, म्हणून खालच्या कडेला अर्ध्या इंचाची सागवानी पट्टी लावून घेतली, तीही खिळा न मारता, फक्त सरसानं. हवी तेव्हा निघेल.

येत्या रविवारी एवढंच करा: टेप घेऊन पलंग, कपाट आणि फ्लॅटचा हॉल मोजा, आणि नव्या हॉलच्या फरशीवर खडूनं त्यांचे चौकोन आखा. मग यजमानांना आणि सासूबाईंना तिथे नेऊन त्या चौकोनांमधून चालायला लावा. सासूबाई कुठे थांबतात ते बघा. सोफ्याची ऑर्डर त्यानंतर.